वेल्डिंग ब्लँकेट: पिवळं, सोनेरी की सिलिका?

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर असो की भोसरीत, सेफ्टीच्या दुकानात "वेल्डिंग ब्लँकेट" (वेल्डिंग-कटिंगच्या ठिणग्या आणि वितळलेले थेंब अडवायचं कापड) "दाखवा" म्हटलं की काउंटरवर साधारण तीन जातींचा माल येतो. पिवळ्याधमक रंगाचं ॲक्रिलिक कोटिंगचं फायबरग्लास, सोनेरी-तपकिरी झाक असलेलं व्हर्मिक्युलाइट कोटिंगचं फायबरग्लास आणि हाताला जाड, वजनदार लागणारं सिलिका. तिन्हींच्या स्टिकरवर "फायरप्रूफ" लिहिलेलं असतं आणि शेजारी एखादा भारदस्त अंशांचा आकडा. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. सिलिका पिवळ्याच्या कित्येक पट महाग पडतं. मग परचेसवाला पिवळं उचलतो, ते साइटवर जातं आणि दुसऱ्याच दिवशी गॅस कटिंगखाली अंथरलं जातं. पिवळं ब्लँकेट टाकाऊ नाही, पण ज्या कामासाठी ते बनलेलंच नाही त्या कामाला ते सर्रास लावलं जातं. म्हणून या परीक्षणात "सगळ्यात चांगलं कोणतं" हा प्रश्न बाजूला ठेवला आहे. कोणतं कुठे चालतं आणि कुठे दगा देतं, तेवढंच पाहू.

आधी त्या स्टिकरवरच्या आकड्याचं. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या ब्लँकेटमधला धागा ई-ग्लासचा, म्हणजे साध्या फायबरग्लासच्या काचेचा असतो. तो साधारण ५५० अंश सेल्सिअसपर्यंत सतत टिकतो. त्यापुढे त्याची ताकद झपाट्याने उतरते आणि ८४० अंशांच्या आसपास काच मऊ पडू लागते. कटिंगमधून खाली पडतो तो थेंब वितळलेल्या लोखंडाचा आणि त्याच्या ऑक्साइडचा असतो, आणि शुद्ध लोखंड वितळतंच १५३८ अंशांना. नुसते आकडे समोरासमोर ठेवले तर ई-ग्लासचं एकही ब्लँकेट टिकायला नको. तरी ते बऱ्याच कामांत टिकतं, कारण भोक पडायला नुसतं तापमान पुरत नाही. थेंबात उष्णता किती आहे आणि तो एका जागी किती वेळ बसला, यावर सगळं ठरतं. ग्राइंडरची ठिणगी लालभडक दिसते, पण तिचं वजन नगण्य असतं. कापडावर पडेपर्यंत ती निम्मी विझलेली असते आणि घरंगळून जाते. गॅस कटिंगचा हरभऱ्याएवढा गोळा घडीच्या खोलगटात अडकला, तर तो काही सेकंदांत खालपर्यंत छेद करतो. म्हणून स्टिकरवरचा आकडा सतत सोसायचा की क्षणभर सोसायचा, हे दुकानदाराला विचारा. तो गडबडला तर डेटाशीट मागा. डेटाशीटच नसेल तर तो आकडा स्टिकर छापणाऱ्याचा आहे असं धरून चाला.

पिवळं ॲक्रिलिक ब्लँकेट हलकं असतं, घडी पटकन होते, हाताला कमी खाजवतं आणि उभं टांगायला सोपं जातं. ॲक्रिलिकचं खरं काम कापडाचे धागे एकत्र धरून ठेवणं आणि काचेची कुसळं उडू न देणं एवढंच. उष्णतेला ते कोटिंग फार टिकत नाही. गरम स्पॅटर (वेल्डिंगमधून उडणारे वितळलेले कण) पडलं की तिथे काळा डाग पडतो, थोडा धूर आणि वास येतो, आणि त्या जागचं कापड उघडं पडून कडक होतं. चार इंची ग्राइंडरच्या ठिणग्या अडवायला, शेजारच्या मशीनवर उभा आडोसा करायला, पातळ पत्र्याच्या टॅक वेल्डिंगसाठी (थोडे थोडे टाके मारण्यासाठी) हे पुरेसं आहे. ३.१५ मिलिमीटरच्या ६०१३ या नेहमीच्या वेल्डिंग रॉडने बराच वेळ वेल्डिंग चालणार असेल आणि ब्लँकेट थेट खाली आडवं असेल, तर ते लवकर चाळणी होतं. गॅस कटिंगखाली ते अंथरूच नये.

व्हर्मिक्युलाइट हा अभ्रकाच्या कुळातला खनिज पदार्थ. त्याचा लेप दिलेल्या काचेच्या कापडावर थेंब पडला की लेपाचा थर उष्णता पसरवतो आणि धाग्याला थोडी उसंत मिळते. साध्या फायबरग्लासपेक्षा हे स्पॅटरला बरंच चांगलं तोंड देतं. धूर कमी, आणि डाग पडला तरी धागे लगेच तुटत नाहीत. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये रोजच्या वापराला आमची पसंती यालाच. मात्र एक अडचण आहे: नुसता सोनेरी रंग पाहून याची खात्री धरता येत नाही. भट्टीत तापवून तपकिरी केलेलं फायबरग्लासही असंच दिसतं, आणि व्हर्मिक्युलाइट लेपाचं सिलिकाही. बिलावर "सोनेरी ब्लँकेट" एवढंच लिहून घेणं म्हणजे नंतर भांडायला काही हातात न ठेवणं. कापड ई-ग्लास की सिलिका आणि लेप कशाचा, या दोन्ही गोष्टी शब्दांत लिहून घ्या.

सिलिकाच्या कापडात सिलिकॉन डायऑक्साइडचं प्रमाण ९६ टक्क्यांच्या आसपास असतं. सतत सोसायची मर्यादा हजार अंशांच्या घरात जाते आणि वितळलेल्या थेंबाला ते खऱ्या अर्थाने थोपवून धरतं. जाड प्लेटचं गॅस कटिंग, कार्बन आर्क गाउजिंग (आर्कने धातू वितळवून खाच पाडणं), उंचावरून सतत पडणारा स्लॅग (वितळलेला गरम मळ) या कामांना हेच घ्यावं. पण हे अमर नाही. एकदा चांगलंच तापलं की धागा ठिसूळ होतो आणि पुढच्या वेळी घडी घालताना तिथेच मोडतो. पायाखाली तुडवलं, वर चॅनल आपटले, तर महागाचं ब्लँकेट भराभर संपतं. म्हणून मोठं सिलिका घेण्यात पैसे घालवू नयेत. १ मीटर बाय २ मीटरचा तुकडा थेट कटिंगखाली आणि भोवती व्हर्मिक्युलाइट, ही जोडी खिशाला परवडते आणि कामही भागवते.

चौथा प्रकार चुकून गळ्यात पडतो: लाल पाकिटातलं किचन फायर ब्लँकेट, ज्याला दोन फिती ओढायला असतात. ते पेटलेल्या कढईवर किंवा माणसाच्या कपड्यांवर टाकून आग गुदमरवायला असतं, आणि एकदा वापरून फेकायचं असतं. युरोपातलं त्याचं मानक ईएन १८६९ वेगळंच आहे. वेल्डिंगच्या स्लॅगसाठी ते तपासलेलं नसतं. शेडमध्ये भिंतीला टांगलेलं असावं, अंथरू नये.

मानकाबद्दल बोलायचं तर या मालासाठी सर्वांत उपयोगी ठरतं एफएम या माल तपासून मान्यता देणाऱ्या अमेरिकी संस्थेचं एफएम ४९५०. त्यात तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. कर्टन म्हणजे उभं टांगायचं, हलक्या ठिणग्यांसाठी. ब्लँकेट म्हणजे हलक्या ते मध्यम माऱ्यात आडवं झाकायला. पॅड म्हणजे थेट कामाखाली, वितळलेला धातू झेलायला. माल "एफएमवाला" आहे असं विक्रेत्याने सांगितलं की पुढचा प्रश्न लगेच विचारा: तिघांपैकी कोणत्या पायरीला? कर्टनची मान्यता दाखवून पॅडच्या कामाला माल विकणं अगदी सोपं असतं. ईएन १३५०१-१ चा ए१ वर्गही अधूनमधून पुढे केला जातो. त्यातून एवढंच कळतं की कापड स्वतः पेटत नाही. गरम गोळा त्यातून आरपार जाईल की नाही, याबद्दल तो वर्ग काहीच सांगत नाही.

आता शिलाई, कारण सगळ्यात जास्त माल इथे फसतो. काचेच्या कापडाचे बहुतेक रोल १ मीटर किंवा १.५ मीटर रुंदीचे येतात. म्हणजे २ बाय २ मीटरचं ब्लँकेट घेतलं की मधोमध जोड आलाच. हा जोड पॉलिस्टर दोऱ्याने शिवलेला असेल, तर २६० अंशांच्या आसपास दोरा वितळतो. स्पॅटरची एक रेष त्यावरून गेली की दोन पट्टे सुटून मध्ये फट पडते. फट दिसतही नाही, कारण कापड अजून जागेवर असतं. शिलाई अरामिड (उष्णता सोसणारा कृत्रिम धागा), काचेच्या किंवा स्टीलच्या दोऱ्याची हवी, आणि जोडावर कापड एकमेकांवर किमान चार बोटं चढलेलं हवं. दुकानातच दोऱ्याचं एक टोक ओढून लायटर धरा. दोरा गोळा होऊन थेंब पडला की समजा पॉलिस्टर आहे. कडा दुमडून दुहेरी शिवलेल्या असाव्यात. कोपऱ्यांवर पितळेची किंवा स्टीलची रिंग हवी. ॲल्युमिनियमची रिंग उष्णतेने ढिली पडते आणि टांगलेलं ब्लँकेट खाली येतं.

वजनाचा आकडा जीएसएममध्ये, म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम असा सांगतात. ४०० ते ६०० जीएसएमचा माल टांगायला ठीक. आडवं अंथरायला ८०० च्या पुढचा घ्या. सिलिकाचा पॅड असेल तर १२०० च्या आसपास. रोलमधून मीटरवर कापून देणाऱ्याकडे तराजू असतोच. ८०० जीएसएमचा १ मीटर बाय १ मीटरचा तुकडा ८०० ग्रॅम भरला पाहिजे. कोटिंगचं वजन धरून सांगितलंय की नुसत्या कापडाचं, तेही विचारा. जाड ॲक्रिलिक चढवून वजन वाढवलेला माल हाताला दणकट लागतो, पण त्यातलं ॲक्रिलिक उष्णतेपुढे फारसं कामाचं नसतं.

मोठी ऑर्डर देण्याआधी घरचीच एक चाचणी करावी. तिन्ही जातींचे ३०० मिलिमीटर चौकोनी तुकडे मागून आणा. चांगला विक्रेता फुकट देतो. उघड्या जागी, पाण्याची बादली आणि एक्स्टिंग्विशर शेजारी ठेवून, प्रत्येक तुकड्याखाली वर्तमानपत्राचे चार थर आणि त्याखाली मूठभर सुकं कॉटन वेस्ट पसरा. तुकडा सपाट ठेवून वरून एक मीटर उंचीवर ३.१५ च्या रॉडने ११० अँपिअरवर एक संपूर्ण रॉड जाळा. मग त्याच जातीचा दुसरा तुकडा मुद्दाम खोलगट ठेवून त्यावर १० मिलिमीटर प्लेटचं गॅस कटिंग करा. लगेच उचलू नका, पाच मिनिटं थांबा. कापडाला भोक आहे का हे नंतर बघा, आधी कागद बघा. कागद तपकिरी झाला असेल तर भोक नसतानाही उष्णता खाली पोहोचली आहे. भुसा, गवत किंवा फोमवर हेच ब्लँकेट अंथरलं असतं, तर धुमसणं सुरू झालं असतं. बहुतेक लोक भोक शोधतात आणि कागद फेकून देतात.

सपाट आणि खोलगट यातला फरक या चाचणीत डोळ्यांसमोर येतो, आणि साइटवर ब्लँकेट कसं लावायचं हेही त्यातूनच कळतं. आडवं अंथरताना सुरकुत्या काढून ताणून लावा, म्हणजे थेंब घरंगळेल आणि पसरून विझेल. जाड प्लेट कापायची असेल तर ब्लँकेटच्या वर पत्र्याचा ट्रे ठेवून त्यात दोन इंच सुकी वाळू घाला. गरमागरम स्लॅग वाळू झेलेल आणि ब्लँकेट दुसरी फळी म्हणून राहील. वाळू ओली नको. वितळलेला धातू पाण्यावर पडला की वाफेच्या दणक्याने उडतो. ट्रेशिवाय नुसत्या काँक्रीटवर कटिंग केलं तर काँक्रीटचे टवके उडतात, तेही ट्रेने टळतं. दोन ब्लँकेटं जोडायची तर एकमेकांवर किमान १५० मिलिमीटर चढवा, आणि वरच्याची कड ठिणग्या जातील त्या बाजूला ठेवा. छपराच्या कौलांसारखी.

उभं टांगताना खालची कड जमिनीवर टेकून थोडी आत वळवावी, नाहीतर ठिणग्या खालून घरंगळून बाहेर पडतात. चारही बाजूंनी बंदिस्त केलं तर धूर वेल्डरच्या तोंडाशी कोंडतो. म्हणून वरची बाजू उघडी ठेवा आणि धूर ओढणारा पंखा लावा. हवा ढकलणारा टेबल फॅन वेल्डच्या अंगावर मारू नका, मिग वेल्डिंगमध्ये वेल्डला हवेपासून जपणारं शील्डिंग गॅस उडून वेल्डमध्ये भोकं पडतात. आजूबाजूच्यांच्या डोळ्यांना आर्क लागू नये एवढाच हेतू असेल, तर लाल किंवा हिरवट पारदर्शक पीव्हीसी पडदे आहेत. त्यांचं मानक ईएन आयएसओ २५९८०. आर्कचे घातक किरण ते अडवतात आणि आत काय चाललंय तेही दिसतं. स्लॅग झेलायला मात्र ते अजिबात नाहीत.

ब्लँकेट नसल्यावर साइटवर जे वापरलं जातं त्याबद्दलही सांगायला हवं. ताडपत्री आणि हिरवी नेट प्लास्टिकची असते. ठिणगीने ती वितळून पेटते आणि जळते थेंब खाली टाकते. ओलं गोणपाट थोडा वेळ काम करतं, पण वाळतं, आणि वाळल्याचं कोणाच्या लक्षात येत नाही. शिवाय ओल्या गोणपाटावर उभं राहून आर्क वेल्डिंग म्हणजे विजेच्या धक्क्याला निमंत्रण. जुन्या स्टोअरमध्ये ॲस्बेस्टॉसचं कापड अजूनही निघतं. नुसत्या नजरेने ते ओळखता येत नाही, म्हणून लेबल नसलेलं जुनं राखाडी-पांढरं कापड फाडून, झटकून बघू नका. पिशवीत बंद करून बाजूला ठेवा आणि तपासून घ्या.

ब्लँकेट कितीही भारी घेतलं तरी काही ठिकाणी त्याचा उपयोग शून्य असतो, आणि विक्रेता हे सांगणार नाही. पहिली जागा म्हणजे फटी. ११ एप्रिल १९९६ ला जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ विमानतळावर टर्मिनलच्या वरच्या रस्त्यावर एक्स्पान्शन जॉइंटचं वेल्डिंग चालू होतं. तापलेला धातू जॉइंटमधून खाली गेला आणि छताच्या पोकळीतलं पॉलिस्टायरीन इन्सुलेशन पेटलं. १७ माणसं गेली. अशा जागी आधी फट बुजवावी लागते, आणि फटीखालच्या मजल्यावर एक माणूस उभा करावा लागतो. दुसरी जागा म्हणजे पत्र्याची पलीकडची बाजू. पफ (पॉलियुरेथेन फोम) किंवा थर्माकोल भरलेल्या सँडविच पॅनेलवर क्लीट (आधाराचा छोटा तुकडा) वेल्ड करताना अलीकडे ब्लँकेट लावून काहीच होत नाही, उष्णता पत्र्यातूनच आत जाते. तिथे बोल्ट किंवा रिव्हेट वापरा. तिसरी म्हणजे टाकी, ड्रम, पाइपलाइन. आत आधी काय होतं ते माहीत नसेल तर बाहेरून ब्लँकेट गुंडाळणं म्हणजे निव्वळ सोपस्कार. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३७ मध्येही (नोव्हेंबर २०२५ मध्ये या अधिनियमाची जागा नव्या संहितेने घेतली) अशा टाकीतला ज्वलनशील पदार्थ आणि त्याची वाफ काढल्याशिवाय वेल्डिंग-कटिंगला मनाई होती. नोव्हेंबर २०१० मध्ये अमेरिकेत बफेलो इथल्या ड्युपाँटच्या कारखान्यात टाकीच्या वरच्या भागावर वेल्डिंग सुरू असताना आतल्या विनाइल फ्लुओराइडचा स्फोट झाला आणि एक कामगार गेला. हवेची तपासणी टाकीबाहेर झाली होती, आत झाली नव्हती. अशा कामाला ब्लँकेटच्या आधी गॅस डिटेक्टर विकत घ्या आणि त्याची नळी टाकीच्या आत, तळापर्यंत सोडा.

आणि जी वस्तू हलवता येते ती झाकू नका, हलवा. ९ फेब्रुवारी १९४२ ला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर नॉर्मंडी हे प्रचंड प्रवासी जहाज कटिंग टॉर्चच्या ठिणग्यांनी पेटलं. जवळच लाइफ जॅकेटांचे ढीग पडले होते आणि त्यांत कापोक, म्हणजे सावरीच्या कापसासारखा कापूस भरलेला होता. अमेरिकेच्या एनएफपीए ५१बी या आगप्रतिबंधाच्या मानकात कामाभोवती ३५ फूट, म्हणजे सुमारे ११ मीटर मोकळे ठेवायला सांगितले आहेत. न हलणारं तेवढं झाकायचं. काम उंचावर असेल तर ११ मीटर पुरत नाहीत, पडणारा थेंब आपटून आणखी लांब उडतो. काम संपल्यावर फायर वॉचरने (आगीवर नजर ठेवणाऱ्या माणसाने) थांबायचा वेळ याच मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीत ३० मिनिटांवरून ६० मिनिटं झाला. अनेक परमिटच्या छापील फॉर्मवर अजून जुनी ३० मिनिटंच आहेत, ती खोडून दुरुस्त करावीत. वॉचरने त्या तासात ब्लँकेटं उचलून खाली हात लावून बघायचा असतो. बसून राहणं म्हणजे वॉच नव्हे. त्याच्याजवळ ६ किलोचा एबीसी एक्स्टिंग्विशर हवा, आयएस १५६८३ ची खूण असलेला. भुसा, चिंध्या, कॉटन वेस्ट असेल तर पाण्याच्या बादल्याही हव्यात. पावडरीने ज्वाळा विझते, आतला निखारा राहतो.

ऑक्सिजनच्या काळ्या आणि ॲसिटिलीनच्या मरून सिलिंडरवर ब्लँकेट पांघरू नका. गळती झाली तर गॅस आतच साठतो. होज पाइपवर मात्र ब्लँकेटचा तुकडा जरूर टाका, स्लॅगने होज जळणं नेहमीचं आहे. तेल-ग्रीस लागलेलं ब्लँकेट फेकून द्यायचं: काच पेटत नाही, पण त्यात मुरलेलं तेल पेटतं, आणि ऑक्सिजनच्या रेग्युलेटरजवळ तर तेल कोणत्याच रूपात नको. पेंट सांडलेल्याचंही तेच.

रोज एकाच घडीवर घडी घातली की त्या रेषेत काच तुटते. म्हणून गुंडाळून ठेवा, घडी नको. आठवड्यातून एकदा दोघांनी उजेडाकडे धरून बघा. टाचणीएवढी भोकं दिसली तर उभ्या वापराला लावा, आडवं अंथरायला नाही. कापड वाकवल्यावर कडकड वाजून पांढरी भुकटी पडली तर ते संपलं. हाताळताना पूर्ण बाह्या आणि हातमोजे घाला. काचेची कुसळं अंगात गेली तर आधी गार पाणी ओता, चोळू नका.

पाच-सहा वेल्डरच्या शेडसाठी पुरेसा संच: २ बाय २ मीटरची चार व्हर्मिक्युलाइट ब्लँकेटं, १ बाय २ मीटरचे दोन सिलिका पॅड, आणि ग्राइंडिंगच्या जागी टांगायला स्वस्तातली दोन पिवळी. व्हर्मिक्युलाइट ब्लँकेटांच्या ऑर्डरवर असा मजकूर टाका: "ई-ग्लास कापड, दोन्ही बाजूंना व्हर्मिक्युलाइट लेप, कमीत कमी ८०० जीएसएम, अरामिड किंवा स्टील दोऱ्याची शिलाई, मधला जोड १०० मिलिमीटर चढवलेला, स्टील रिंगा दर ४५० मिलिमीटरवर, सतत सोसायच्या तापमानाची डेटाशीट सोबत. नमुन्याच्या तुकड्याशी माल जुळला नाही तर परत." शेवटची ओळ काढायला सांगणारे विक्रेते भेटतील. तिथून माल घेऊ नका.